शाळेची वस्तुसंग्रहालय-भेट : नियोजन कसे करावे?

वस्तुसंग्रहालय म्हणजे जुन्या वस्तू काचेच्या कपाटात मांडून ठेवण्याची जागा, अशी सर्वसाधारण समजूत असते. त्यामुळे शाळेची सहल ठरविताना संग्रहालयाचे नाव निघाले, तरी ते बहुधा 'जाता जाता पाहून घेऊ' या सदरात जमा होते. सकाळी संग्रहालय, दुपारी मत्स्यालय, संध्याकाळी चौपाटी असा कार्यक्रम आखला जातो. दीडशे मुले दुहेरी रांगेत एका दालनातून दुसऱ्या दालनात पुढे सरकत राहतात. पुढच्या मुलाची पाठ आणि मागून येणारी 'चला, चला' ही हाक, एवढेच त्यांच्या वाट्याला येते. अशी भेट न झाल्याने मुलांचे फारसे नुकसान झाले नसते. उलट 'संग्रहालय कंटाळवाणे असते' ही समजूत अशाच भेटीतून त्यांच्या मनात कायमची बसते आणि ती पुढे सहसा पुसली जात नाही.

आपल्या धर्मप्रांतातील अनेक शाळांत मोठ्या संख्येने मुले शिकतात आणि त्यांपैकी पुष्कळ मुलांना आईवडिलांबरोबर संग्रहालयात जाण्याची संधी मिळत नाही. शाळेने नेले तरच ती जातात. म्हणून ही एक भेट नीट व्हावी, या हेतूने शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघाच्या सभासदांसाठी पुढील माहिती दिली आहे. उदाहरणादाखल मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय घेतले आहे. वसई, विरार, पालघर या भागातील शाळांना ते एका दिवसात करता येण्याजोगे आहे, शिवाय आपल्या परिसराचे त्या संग्रहालयाशी एक जवळचे नातेही आहे.

संग्रहालयाची ओळख

या संग्रहालयाच्या इमारतीची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे पंचम जॉर्ज म्हणून गादीवर आलेले राजपुत्र, यांच्या हस्ते बसविण्यात आली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी आराखडा केला. गेटवे ऑफ इंडियाची रचनाही त्यांचीच. इमारत १९१४ साली पूर्ण झाली. मात्र पहिल्या महायुद्धाच्या काळात ती लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. १० जानेवारी १९२२ रोजी ती संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली. १९९८ साली तिला आजचे नाव मिळाले. संग्रहात सुमारे ५०,००० वस्तू आहेत.

हा शेवटचा आकडा शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावा. प्रत्येक वस्तूपुढे केवळ एक मिनिट थांबायचे म्हटले तरी ५०,००० मिनिटे, म्हणजे आठशेहून अधिक तास लागतील. अर्थात, सर्वच वस्तू एका वेळी मांडलेल्या नसतात. तरीही 'संपूर्ण संग्रहालय दाखविणे' हे उद्दिष्ट मुळातच अशक्य आहे, हे एकदा मान्य केले की नियोजन सोपे होते. आपल्या वर्गाने त्या दिवशी पाच किंवा सहा वस्तू नीट पाहाव्यात. बाकीच्या ओझरत्या दिसल्या तर दिसल्या.

वस्तूंची निवड

निवड शिक्षकानेच करावी, आणि ती प्रत्यक्ष जाऊन करावी. संकेतस्थळावरील छायाचित्रे पाहून केलेली निवड अनेकदा फसते. दालन दुरुस्तीसाठी बंद असते, वस्तू दुसऱ्या प्रदर्शनासाठी गेलेली असते, किंवा ती इतकी लहान असते की दहा मुलांना एका वेळी दिसतच नाही. म्हणून सहलीपूर्वी दोन-तीन आठवडे आधी किमान दोन शिक्षकांनी पूर्वभेट द्यावी. एका दालनातून दुसऱ्या दालनात जायला किती मिनिटे लागतात, जिने कोठे आहेत, स्वच्छतागृह कोठे आहे, पिशव्या कोठे ठेवाव्या लागतात, डबा खायला कोठे बसता येईल, हे सर्व वहीत टिपून घ्यावे. ही पूर्वभेट शिक्षकांच्या खर्चाने होऊ नये. तो सहलीच्या अंदाजपत्रकाचाच भाग समजावा.

आमच्या मते वसईच्या शाळांनी सर्वप्रथम शोधावयाची वस्तू म्हणजे सोपाऱ्याचा शिलालेख. इ.स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना नालासोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला हा दगड या संग्रहालयात आहे. पुढे १९५६ साली भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचाही तुकडा मिळाला. भुईगाव आणि सोपारा ही नावे ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत, जेथे त्यांचे मामा-मावशी राहतात, त्या मुलांना पाठ्यपुस्तकातील अशोकाने आपल्या गावाशेजारी दगडावर आज्ञा कोरविली होती, हे ऐकून काय वाटेल याची कल्पना करावी. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आपला किनारा जगाच्या व्यवहारात होता, ही गोष्ट भाषणाने पटत नाही. दगड पाहिल्यावर ती पटते.

या आठव्या लेखाचा विषयही सहलीला साजेसा आहे. पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी यात्रा करीत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी बोधिवृक्षाच्या स्थानी भेट दिली आणि तेव्हापासून मौजेच्या यात्रेऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या. श्रमण-ब्राह्मणांना भेटणे, वृद्धांची विचारपूस करणे, दान देणे, खेड्यापाड्यांतील लोकांशी बोलणे, असे त्यांचे स्वरूप होते. सोपाऱ्याच्या तुकड्यावर या मजकुराचा थोडाच अंश उरला आहे. उरलेला भाग देशातील इतर ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. 'अर्धा मजकूर तुटला असताना विद्वानांना पूर्ण अर्थ कसा लागला?' हा प्रश्न सातवी-आठवीच्या मुलांना घालून पाहावा. उत्तर शोधताना मुलांना इतिहासकाराच्या कामाची रीत कळते.

दुसरी वस्तू म्हणजे खुद्द इमारत. कुर्ल्याचा करडा-निळसर दगड आणि मालाडचा पिवळसर दगड वापरून ती बांधलेली आहे. घुमटावर विजापूरच्या गोलघुमटाचा प्रभाव आहे. मधल्या दालनातील लाकडी कमानींचा मंडप नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणून बसविलेला आहे. मुलांना बाहेर हिरवळीजवळ दहा मिनिटे उभे करून दोन रंगांचे दगड ओळखायला सांगावे. मालाड हे त्यांना रेल्वे स्थानक म्हणून ठाऊक असते. तेथील दगडाच्या खाणींतून मुंबईच्या इमारती उभ्या राहिल्या, हे ठाऊक नसते.

नाशिकचा मंडप मुंबईत कसा आला, या प्रश्नावरून विषयांतर करण्याचा मोह शिक्षकांनी अवश्य व्हावा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकल्यानंतर येथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून दूर दूर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा आणि भीमाशंकरची घंटा प्रसिद्धच आहेत. वस्तू एका जागी जन्म घेतात आणि अनेक हातांतून दुसरीकडे पोहोचतात. कधी विकत, कधी भेट म्हणून, कधी लूट म्हणून, कधी उत्खननातून. 'ही वस्तू येथे कशी आली असेल?' हा प्रश्न मुलांनी प्रत्येक कपाटापुढे विचारावा. कोणावर दोष ठेवण्याचा त्यात हेतू नाही, परंतु तो टाळूही नये.

याशिवाय वयोमानाप्रमाणे निवड करता येईल. सिंधमधील मीरपूरखास येथील बौद्ध स्तूपातून आलेल्या, इसवी सनाच्या पाचव्या शतकातील भाजलेल्या मातीच्या मूर्ती मोठ्या मुलांना दाखवाव्यात. सम्राट अकबराचे पोलादी छातीकवच (१५८१) आणि राशिचक्राने सजविलेली ढाल (१५९३) पाहताना मुलांना बोलते करावे लागत नाही, ती आपणहून बोलू लागतात. प्राचीन असिरियाच्या राजवाड्याच्या भिंतींवरील कोरीव शिल्पेही या संग्रहात आहेत. बायबलमधील योना ज्या निनवे नगरीला पाठविला गेला, ती याच असिरियाची. धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेले नाव इतिहासाच्या नकाशावर सापडते, तेव्हा मुले थोडी चकित होतात. प्राथमिक वर्गांसाठी निसर्गविज्ञान विभागातील पशुपक्षी पुरेसे आहेत. त्यांना अकबर आणि असिरिया एकाच दिवशी देऊ नयेत. आवारात २०१९ पासून मुलांचे स्वतंत्र संग्रहालयही सुरू झाले आहे. त्यातील उपक्रमांची चौकशी आधीच करावी.

प्रवास आणि सुरक्षितता

या बाबतीत उत्साहापेक्षा हिशेब महत्त्वाचा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रकिनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुले व २ शिक्षिका दगावल्या. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून अनेकांना प्राण गमवावे लागले. संग्रहालयापासून गेटवे चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि 'एवढ्या लांब आलोच आहोत तर बोटीत बसवू' असा आग्रह मुलांकडून, कधी कधी शिक्षकांकडूनही होतो. संग्रहालय-भेटीच्या दिवशी पाण्यातील कोणताही कार्यक्रम ठेवू नये, असे आम्ही स्पष्टपणे सुचवितो. पालकांच्या संमतीपत्रात जेवढी ठिकाणे लिहिली आहेत, तेवढीच ठिकाणे पाहावीत. ऐनवेळी एकही वाढवू नये.

सकाळच्या गर्दीत विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये शाळकरी मुलांना घेऊन चढणे हा अविचार आहे. बस हाच योग्य मार्ग होय. महामार्गावरील वाहतूक लक्षात घेता वसईहून तीन तास धरावेत आणि सातच्या आत निघावे. बस लागणारी मुले कोण, हे पालकांकडून आधी विचारून घ्यावे. दमा, फिट येणे, मधुमेह, अन्नाची ॲलर्जी या गोष्टी संमतीपत्रातच नोंदवून घ्याव्यात आणि त्या मुलांची औषधे त्यांच्या गटातील शिक्षकाजवळ असावीत. प्रथमोपचार पेटीत मुलींसाठी सॅनिटरी पॅड ठेवण्यास विसरू नये. ही बाब सांगण्यास मुली संकोचतात, म्हणून प्रत्येक बसमध्ये एक शिक्षिका असलीच पाहिजे आणि ती कोठे बसली आहे हे मुलींना ठाऊक असले पाहिजे.

पाचवी ते सातवीच्या दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी. शिक्षक कमी पडत असल्यास पालकांना सोबत घ्यावे. मात्र पालकांना आपापल्या मुलाच्या गटात ठेवू नये, अन्यथा त्यांचे लक्ष एकाच मुलावर राहते. मुलांच्या गळ्यात ओळखपत्र असेल तर त्यावर शाळेचे नाव आणि शिक्षकाचा दूरध्वनी क्रमांक असावा. मुलाचे नाव बाहेरून वाचता येईल असे लिहू नये, कारण नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर मूल चटकन विश्वास ठेवते. बसमध्ये चढताना, संग्रहालयाच्या दारात, जेवणानंतर आणि परतताना अशी चार वेळा मोजणी करावी. ती डोकी मोजून न करता नावे पुकारून करावी.

सहलीसाठी शिक्षण विभागाची परवानगी, बसची कागदपत्रे आणि विमा यांची पूर्तता मुख्याध्यापकांनी वेळेत करावी. संग्रहालयाला शाळेचे पत्र महिनाभर आधी पाठवावे. त्यात इयत्ता, संख्या, येण्याची वेळ आणि चाकाची खुर्ची लागणारे अथवा कमी दिसणारे, कमी ऐकू येणारे विद्यार्थी असल्यास तसा स्पष्ट उल्लेख असावा. प्रवेशशुल्कातील सवलत, मार्गदर्शकाची सोय आणि सुटीचा दिवस ही माहिती त्याच वेळी विचारून घ्यावी, कारण साप्ताहिक सुटी प्रत्येक संग्रहालयाची वेगळी असते. डिसेंबर-जानेवारीत सर्वच शाळा बाहेर पडतात, दालने गजबजून जातात. दिवाळीची सुटी संपल्यानंतरचे दिवस त्या मानाने बरे.

पैशाचा प्रश्न

बस, प्रवेश आणि जेवण मिळून होणारी वर्गणी काही कुटुंबांना झेपत नाही. हे आपणा सर्वांना माहीत असते, परंतु त्याची वाच्यता टाळली जाते आणि सहलीच्या दिवशी चार-पाच मुले 'ताप आला' म्हणून घरी राहतात. कितीही सुंदर नियोजन केले, तरी या मुलांना वगळून झालेली भेट अपुरीच. वर्गात सर्वांसमोर 'पैसे कोणी भरले नाहीत?' असे विचारण्याची पद्धत बंद करावी. ज्यांना अडचण आहे, त्यांनी वर्गशिक्षकांना खासगीत सांगावे आणि ती गोष्ट तेथेच राहावी. प्रत्येक मुलामागे थोडी अधिक रक्कम धरून अशा मुलांचा खर्च भागविता येतो. ते शक्य नसल्यास धर्मग्रामातील संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांशी किंवा माजी विद्यार्थ्यांशी बोलावे. पन्नास मुलांच्या वर्गात पाच जणांचा खर्च उभा करणे एखाद्या धर्मग्रामाला जड जाऊ नये. खाऊसाठी सोबत आणावयाच्या पैशांवर मर्यादा घालावी, हेही याच अनुषंगाने सांगणे आवश्यक वाटते.

भेटीचा दिवस

आदल्या आठवड्यात दोन तासिका राखून ठेवाव्यात. पहिल्या तासिकेत संग्रहालयाचे काम कसे चालते ते सांगावे. वस्तूला हात का लावू नये, याचे कारण दिले तर मुले नियम पाळतात. बोटांवरील घाम, तेल आणि क्षार दगडावर, धातूवर, कागदावर हळूहळू परिणाम करतात. एका बोटाने काही बिघडत नाही, पण वर्षाला लाखो बोटे लागली तर कोरीव नाक झिजून जाते. दुसऱ्या तासिकेत निवडलेल्या पाच वस्तूंची पार्श्वभूमी सांगावी, परंतु चित्रे दाखवू नयेत. उत्सुकता शिल्लक राहू द्यावी.

पन्नास मुले एका कपाटापुढे उभी केली तर पहिल्या रांगेतील आठ जणांनाच काही दिसते. म्हणून पाच गट करावेत आणि प्रत्येक गटाने वेगळ्या वस्तूपासून सुरुवात करावी. एका वस्तूसाठी दहा मिनिटे. त्यातील पहिली दोन मिनिटे कोणीही बोलू नये, शिक्षकांनीही नाही. केवळ पाहावे. मग प्रश्न : ही वस्तू कशाची बनविली आहे? कोणी वापरली असेल? कोठे झिजली आहे, आणि तेथेच का? फलकावर काय लिहिले आहे, आणि काय लिहिलेले नाही? उत्तरांसाठी पेन्सिल आणि कागद द्यावा. शाईचे पेन दालनात नेऊ नये. फलकावरील मजकूर उतरवून घेण्याची सक्ती मात्र मुळीच करू नये. मान खाली घालून अक्षरे उतरविणारी मुले आम्ही अनेक संग्रहालयांत पाहिली आहेत. त्यांच्यापुढील वस्तू त्यांनी पाहिलेलीच नसते.

पाच वस्तूंची पन्नास मिनिटे, चालण्याची वीस, स्वच्छतागृहाची पंधरा, आणि शेवटी अर्धा तास मुलांना आपल्या आवडीचे एक दालन गटाने निवडून पाहण्यासाठी. साधारण दोन तासांत भेट पूर्ण होते. त्यापलीकडे ताणू नये. थकलेले मूल काहीही पाहत नाही.

इतर पर्याय

मुंबईतच सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात हेरास संस्थेचे छोटे संग्रहालय आहे. स्पॅनिश येशूसंघीय धर्मगुरू फादर हेन्री हेरास १९२२ साली मुंबईस आले आणि त्यांनी १९२६ साली भारतीय इतिहास संशोधनाची ही संस्था स्थापन केली. १९५५ साली त्यांच्या निधनानंतर संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९८१ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीटही काढले. कॉलेजचा परिसर असल्याने येथे पूर्वपरवानगी हवीच, आणि नववी-दहावीच्या लहान गटालाच न्यावे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय (१८७२) मुंबई शहराच्या इतिहासासाठी उत्तम आहे. घारापुरी बेटाला ज्याच्यावरून 'एलिफंटा' हे नाव मिळाले, तो दगडी हत्ती त्याच्या शेजारील आवारात उभा आहे. गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीच्या आवारातील मुंबई महाधर्मप्रांताचे वारसा संग्रहालय धर्मशिक्षणाच्या वर्गांना सोयीचे पडते.

मुक्कामाची सहल गोव्याला जात असेल, तर जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयासाठी दीड तास राखून ठेवावा. हे संग्रहालय १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले आणि २००२ साली या मठात आले. पवित्र साक्रामेंतासाठी घडविलेले पेलिकन पक्ष्याच्या आकाराचे पात्र तेथील सर्वांत प्रसिद्ध वस्तू होय. ख्रिस्ती विषय आणि भारतीय कारागिराचा हात एकत्र आले की काय घडते, ते तेथे पदोपदी दिसते. बॉम जीझसच्या दर्शनानंतर बहुतेक बसगाड्या थेट समुद्रकिनाऱ्याकडे वळतात, ही खेदाची गोष्ट आहे.

जव्हार, तलासरी, मोखाडा येथील शाळांना मुंबईचा प्रवास कठीण आहे. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाने २०१५ पासून फिरते संग्रहालय सुरू केले असून प्रदर्शनाची बस शाळांपर्यंत जाते. त्यासाठी शाळेने संग्रहालयाच्या शिक्षण विभागाकडे लेखी विनंती करावी. जवळपासच्या दोन-तीन शाळांनी मिळून एकत्र विनंती केल्यास एका फेरीत अधिक मुलांचा लाभ होईल.

भेटीनंतर

परत आल्यावर 'माझी सहल' हा निबंध लिहवून घेण्याचा प्रघात आहे. सर्वांचा निबंध सकाळी लवकर उठण्यापासून सुरू होतो आणि दमून झोपण्यापाशी संपतो. त्याऐवजी एकाच वस्तूविषयी दहा ओळी लिहावयास सांगाव्यात, सोबत आठवणीने काढलेले चित्र.

पंधरवड्याने शाळेतच एक दिवसाचे प्रदर्शन भरवावे. मुलांनी घरातील एक जुनी वस्तू आणावी : आजीचे लाल लुगडे, रहाटाचा पोहरा, पाटी, जुने प्रार्थनापुस्तक, लग्नाचे छायाचित्र. वस्तू कोणाची, कशाची, किती जुनी, आता वापरात का नाही, याचा चार ओळींचा फलक मुलानेच आजी-आजोबांना विचारून लिहावा. मौल्यवान दागिने आणू देऊ नयेत. प्रत्येक वस्तूची नोंद वहीत करून, संध्याकाळी ती पालकाची सही घेऊनच परत द्यावी.